काणीचा चाबूक आणि सिंहपुच्छ माकड

महाराष्ट्रातल्या आष्ट्याच्या शिवारात उसावरचा काणी रोग ओळखायला भिंग लागत नाही. उन्हाळ्यात उसाच्या शेंड्यातून काळा, लवचीक चाबूक बाहेर पडतो. कधी वीतभर, कधी हातभराहून लांब. वर चंदेरी पापुद्रा असतो. तो फाटला, की आतली काजळी वाऱ्यावर निघते. ही काजळी म्हणजे बुरशीचे कोट्यवधी बीजाणू.

म्हणून आधी पिशवी, मग कोयता. चाबकावर पिशवी अलगद चढवायची, तोंड आवळायचं आणि मगच तो कापायचा. पुढचं काम कुदळीचं. सगळं बेट मुळासकट खणून काढतात आणि जाळतात. नुसता चाबूक छाटून भागत नाही. बुरशी बेटात मुरलेली असते, नव्या फुटव्यातून ती पुन्हा वर येते.

या बुरशीचं शास्त्रीय नाव स्पोरिसोरियम सिटामिनियम. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये १८७७ साली तिची नोंद झाली. २००६ मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसात सापडली. तिचं पोट मुख्यतः उसावरच. तरी तिला कशाचीच वाण पडत नाही, कारण माणसानं उसाला ऊस लावून ठेवला आहे.

अशाच सलगतेवर जगणारा दुसरा जीव सह्याद्रीत, इथून दक्षिणेला आहे: सिंहपुच्छ माकड. महाराष्ट्रात ते नाही. उत्तरेकडचे त्याचे कळप उत्तर कन्नडच्या सदाहरित रानात, अघनाशिनी-शरावतीच्या खोऱ्यांत आढळतात. फांदीला फांदी भिडली तरच त्याचं चालतं. मादीला पहिलं पिल्लू साधारण सहाव्या वर्षी, तेही एकच. दुसऱ्यासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. रानात आता अशी चार हजारांहून कमी माकडं उरली आहेत. दक्षिणेकडच्या वालपराईत चहा-कॉफीच्या मळ्यांनी जंगलाचे तुकडे केले, तेव्हा रस्त्यांवरून झाडाला झाड जोडणारे झुलते पूल बांधावे लागले.

तिथे खंड बुजवायची धडपड, इथे उसात खंड पाडायची. काणी जास्त दिसली तर खोडवा ठेवत नाहीत. रान मोडून सोयाबीन किंवा भुईमूग घेतात. पुढच्या लागणीला बेणं निरोगी मळ्यातून आणतात आणि लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटं बुडवतात. शेजारच्या वावरात चाबूक तसाच उभा असेल, तर तोही काढायला सांगावं लागतं. वाऱ्याला बांध कळत नाही.