पाहुण्या हृदयाशी शरीराचं भांडण

इंदूरच्या मुलांनो, सगळी वाहनं थांबलीत, पोलीस शिट्ट्या मारतायत आणि मोकळ्या रस्त्यावरून एक रुग्णवाहिका सुसाट निघालीय, असं कधी पाहिलंयत? हा ग्रीन कॉरिडॉर. दान केलेला अवयव वेळेत पोचवायचा असतो ना! हृदयाला तर शरीराबाहेर जेमतेम चार तासच मिळतात.

पण खरी गंमत त्यानंतर. हृदय पोचलं, टाके घातले, ते धडधडायला लागलं... आणि शरीरच त्याच्यावर उठलं तर?

स्नेहलतागंजातल्या एखाद्या इमारतीचा चौकीदार बघा. ओळखीच्यांना आत सोडतो, अनोळखी दिसला की अडवतो. रक्तातल्या टी-पेशी नेमकं हेच करतात. आपल्या पेशींवर खास प्रथिनांची खूण असते आणि दात्याच्या हृदयावरची खूण वेगळी. हा पाहुणा जीव वाचवायला आलाय, हे त्या बिचाऱ्यांना कसं कळणार? त्या हल्ला करतात!

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. टी-पेशींना आवरायला भारी औषधं दिली, पण त्यामुळे जंतूंशी लढायलाही कुणी उरलं नाही. अठराव्या दिवशी न्यूमोनियाने रुग्ण गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही धाडस केलं. तो रुग्ण काही तासच जगला.

मग उपाय सापडला कुठे? मातीत! नॉर्वेच्या एका पठारावरून १९६९ मध्ये आणलेल्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन हे औषध मिळालं. ते टी-पेशींना मारत नाही, त्यांचा हल्ल्याचा निरोपच पुढे जाऊ देत नाही. पुढचं औषध, टॅक्रोलिमस, जपानच्या मातीतल्या जिवाणूतून आलं. मला हे फार भारी वाटतं. पुढे भारतातही १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात डॉ. वेणुगोपाल यांनी हृदय-प्रत्यारोपण यशस्वी केलं.

औषधं असली तरी नव्या हृदयावर लक्ष ठेवावंच लागतं. मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा थेट हृदयात नेतात, मिलिमीटरभर तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशी घुसल्यात का ते बघतात.

या औषधांच्या गोळ्या मात्र जन्मभर, ठरलेल्या वेळी. शिवाय ग्रेपफ्रूट बंद, पपनसही बंद! आपल्या आतड्यात या औषधांचा थोडा भाग मोडून टाकणारं एक विकर असतं. या फळांचा रस त्या विकरालाच गप्प करतो आणि रक्तात औषध नको तितकं वाढतं.