होलिस्टिक आहार म्हणजे गोळ्या बंद नव्हे

लग्नघरात, सोसायटीच्या जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर एकच वाक्य सारखं कानावर येतं: "मी हल्ली होलिस्टिक न्यूट्रिशनिस्टकडे जाते, तिने माझ्या सगळ्या गोळ्या सोडवल्या." सांगणारीच्या आवाजात सुटकेचा आनंद असतो आणि ऐकणारी लगेच नंबर मागून घेते. मला याचा संताप येतो. एक तर हा जिवाशी खेळ आहे. दुसरं म्हणजे, जे आहारतज्ज्ञ हे काम नेकीने करतात त्यांच्याबद्दल यातून भलतीच समजूत पसरते.

आधी स्वच्छ सांगते. औषध सुरू करणं, बंद करणं, मात्रा कमी-जास्त करणं हे डॉक्टरचं काम आहे. आहारतज्ज्ञ स्वतः डॉक्टर नसेल, तर त्याने पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी त्याला तो अधिकार नाही.

थायरॉइडचंच बघा, कारण या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात. 'रोज सकाळी धण्याचं पाणी घ्या आणि गोळी सोडा' हा सल्ला घरोघरी पोचला आहे. गोळी सोडल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस काहीच बिघडत नाही, म्हणून धण्याच्या पाण्याचा गुण आला असं वाटतं. प्रत्यक्षात गोळीतल्या थायरॉक्सिन या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. आधी घेतलेल्या गोळ्यांच्या शिल्लक साठ्यावर शरीर चाललेलं असतं. पुढच्या काही आठवड्यांत थकवा, बद्धकोष्ठता, सूज, वाढतं कोलेस्टेरॉल असं सगळं सावकाश परत येतं, आणि तेव्हा दोष वयाला किंवा कामाच्या ताणाला दिला जातो. हाशिमोटोच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीचा नाश करत असते. ती ग्रंथी जे संप्रेरक पुरेसं बनवू शकत नाही, तेच गोळीतून मिळतं. धण्यात ते नाही.

मग होलिस्टिक पद्धतीने काम करणारा चांगला आहारतज्ज्ञ वेगळं काय करतो? तो गोळीला हात लावत नाही, गोळीच्या आजूबाजूचं सगळं विचारतो. समजा, पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या आहेत. रोज न चुकता गोळी घेतात, तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडत असल्याची रक्तातली खूण, वाढलेलाच. नुसता तक्ता हातात देणारा माणूस कोबी-फ्लॉवर बंद करून मोकळा होईल. हा मात्र विचारतो, "ताई, गोळी किती वाजता घेता? आणि चहा किती वाजता?" उत्तर येतं, "दोन्ही एकदमच, पाणी भरायचं असतं ना साडेपाचला." पुढचा प्रश्न, "कॅल्शियमची गोळी?" "ती नाश्त्याबरोबर, म्हणजे विसरायला नको." इथे गाठ सापडते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या आतड्यात थायरॉक्सिनचं शोषण अडवतात, त्यामुळे त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. कॉफीनेही शोषण घटतं, हे इटलीतल्या साल्वातोरे बेनवेंगा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवलं आहे. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, असं वेळापत्रक बसतं. ते डॉक्टरांच्या कानावर घातलं जातं आणि काही आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासला जातो.

याच बैठकीत झोप, पाळीच्या तक्रारी, स्वयंपाक कोण करतं, सगळे जेवल्यावर उरलंसुरलं कोण खातं, डाळीला महिन्याकाठी किती पैसे परवडतात, हेही विचारलं जातं. हीच ती समग्र दृष्टी. खरं तर प्रत्येक चांगल्या डाएटिशियनने हे विचारायलाच हवं, आणि पुष्कळ जण विचारतातही. सरकारी रुग्णालयात बाहेर रांग लागलेली असताना तेवढा वेळ मिळत नाही, हे त्यांचं दुर्दैव.

आता कुणी म्हणेल, आहाराने मधुमेहाच्या गोळ्या सुटलेले लोक आम्ही पाहिलेत. सुटतात. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाचे 306 रुग्ण होते. दिवसाला साधारण 850 कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने दिलेल्या गटात वर्षअखेर 46 टक्क्यांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात हेच प्रमाण 4 टक्के होतं. पण हा दाखला देणारे पुढचं सांगत नाहीत. या रुग्णांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिनवर असलेल्यांना घेतलंच नव्हतं, औषधं बंद केली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या नियमांनुसार. आणि दोन वर्षांनी 46 चे 36 टक्के झाले.

टाइप 1 मधुमेहात तर हा विचारही मनात आणू नये. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी डॉक्टरांच्या हातात फक्त आहारच होता, जवळजवळ उपासमारीचा. त्याने मुलं थोडे दिवस जास्त काढत, आणि मग जात. केवळ आहारावर टाइप 1 सांभाळण्याचा प्रयोग जगाने पूर्वीच करून पाहिला आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट ही डाएटिशियनच्या वरची पदवी नाही. आहारतज्ज्ञांचा समावेश असलेला संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा केंद्रीय कायदा 2021 मध्ये झाला, त्याच्या सूचीत 'होलिस्टिक' असा वेगळा वर्ग नाही. म्हणून समोरच्याचं शिक्षण विचारा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी आहे का तेही विचारा, त्यात संकोच कसला? होलिस्टिक म्हणजे आयुर्वेद नव्हे. आयुर्वेद हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याची पदवी वेगळी आहे. किनोआ आणि अ‍ॅव्होकॅडोवाचून अडत नाही, नाचणी आणि राजगिरा आपल्या डब्यात आहेतच. हजारो रुपये घेऊन केली जाणारी आयजीजी 'फूड इन्टॉलरन्स' चाचणी करू नका. ती अंगाला काय सोसत नाही ते दाखवत नाही, तुम्ही काय खाल्लं आहे ते दाखवते, आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच ती नाकारली आहे. डिटॉक्ससाठी वेगळा रस लागत नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करत असतात.

आणि 'नैसर्गिक आहे, अपाय कसला' हे तर बोलूच नका. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे सरसकट सुरू झाले. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झालेली आढळली. ते निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबद्दल हरकत घेतली. ती हरकत धरली तरी आपण नेमकं काय पितोय हे पिणाऱ्याला कळत नव्हतं, हे उरतंच. दुधीच्या रसाचंही तसंच. दुधी कडू असेल तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष असतं, त्याने माणसं दगावली आहेत आणि त्यावर उतारा नाही. याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल 2012 मध्ये छापून आला आहे. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा. कडू लागली तर सगळा फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका. रस प्यायल्यावर उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.