हजेरीपटावरची शाळा

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, सडकेपासून बऱ्याच आत वसलेल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेची जी प्राथमिक शाळा आहे, तिचे कामकाज प्रार्थनेपासून सुटीच्या घंटेपर्यंत जवळ बसून पाहण्याचा योग गेल्या मार्गशीर्षात मला आला. शाळेच्या दाराला कुलूप नव्हते. भिंती रंगवलेल्या होत्या, दप्तर टापटिपीचे होते, आणि शेरेबुकात वरिष्ठांचे अनुकूल शेरे नोंदलेले होते. असे असूनही, ज्या प्रयोजनासाठी समाजाने शाळा ही संस्था निर्माण केली, त्या प्रयोजनापुरती ती बंद पडलेली आहे, या निष्कर्षाला मला यावे लागले.

शाळा पहिली ते चौथीची, खोल्या दोन आणि मंजूर शिक्षकही दोन. त्यांपैकी एक गुरुजी मतदारयाद्यांच्या कामासाठी तहसिलीत गेलेले, त्यामुळे चारही इयत्ता एकाच खोलीत, एकाच शिक्षकासमोर बसल्या होत्या. परिपाठ आटोपल्यावर त्यांनी पहिलीला अंक गिरवायला सांगितले, तिसरीला धड्याचे शुद्धलेखन दिले, चौथीसाठी फळ्यावर वजाबाक्या मांडल्या आणि दुसरीला वाचनासाठी जवळ घेतले. त्यांतली एक मुलगी ‘वाऱ्यावर’ या शब्दापाशी अडली. गुरुजींनी अक्षर फोडून दाखवले, पुन्हा जोडून दाखवले; तिचे ओठ त्या आकाराला येऊ लागले, तोच पहिलीतल्या दोघांत पाटीवरून रडारड झाली, पाठोपाठ चौथीतला मुलगा हातच्याची शंका घेऊन उभा राहिला, आणि गुरुजी जेव्हा पुन्हा दुसरीच्या मुलांकडे वळले तेव्हा तिसरीला तपासायची वेळ झाली होती. ती मुलगी त्या जोडाक्षरापाशीच राहिली. गुरुजींच्या कळकळीत काही उणे होते असे मी म्हणणार नाही. त्यांचा घसा दुपारपर्यंत बसला होता.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. चार इयत्ता एका शिक्षकाकडे आल्या, की प्रत्येकीच्या वाट्याला त्यांतले २०० तास उरतात, आणि तेही त्याने अध्यापनाखेरीज दुसरे काहीच केले नाही तर. प्रत्यक्षात साडेअकराच्या सुमारास मुलांचे मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या मावशी तांदूळ मोजून न्यायला आल्या. मुलामागे १०० ग्रॅम हे या इयत्तांचे प्रमाण; त्याप्रमाणे डोकी मोजणे, तांदूळ तोलणे, शिल्लक साठा वहीत उतरवणे, खिचडी शिजल्यावर चव घेऊन त्याची नोंद करणे, आणि जेवलेल्यांचा आकडा त्याच दिवशी मोबाईलवरून वर कळवणे ही सारी कामे गुरुजींनीच उरकली. वस्तीवर रेंज नसल्यामुळे शेवटच्या कामासाठी त्यांना पाण्याच्या टाकीमागचा चढ चढून जावे लागले, आणि तेवढा वेळ वर्ग चौथीतल्या एका मुलीने सांभाळला. या भोजनाविषयी माझी तिळमात्र तक्रार नाही, कारण समोरच्या कित्येक मुलांचे दिवसातले पहिले पोटभर अन्न तेच होते. तक्रार आहे ती एवढीच, की त्याचा हिशेब ठेवणारा कारकून म्हणून राज्याला शिक्षकाखेरीज दुसरा माणूस आढळला नाही.

याच कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. अपवाद तीनच, दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक. परंतु निवडणूक एका दिवसाची असली तरी मतदारयादीची दुरुस्ती वर्षभर चालते, आणि त्या अपवादाच्या फटीतून या शाळेचा एक शिक्षक, म्हणजे तिचे अर्धे बळ, वारंवार बाहेर जाते. हजेरीपत्रकात तो ‘अन्य कर्तव्यावर’ असतो. दप्तराच्या दृष्टीने शाळेत दोन शिक्षक आहेतच.

मुलांचेही तेच. पटावर तिसाच्या आसपास नावे होती, समोर जेमतेम निम्मी बसलेली. उरलेली मुले दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या आईबापांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर, ऊसतोडीला गेली होती. पाचटाच्या कोप्यांत राहून धाकट्या भावंडांना सांभाळीत ती चैत्राच्या आगेमागे परततील. वस्तीवरची एक आजी म्हणाली, “लेकरं ठिवावीत म्हनलं तर मला डोळ्यानं दिसंना. नेली तर साळा बुडती. काय करावं बापांनी?” मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि जाणाऱ्यांना जिथे जातील तिथे प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रकही आहे, पण फडाजवळची शाळा आणि कोपी यांतले अंतर कोणतेही पत्रक चालून जात नाही. शाळेची शिक्षकसंख्या ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी ही सारी मुले गावातच असतात.

पटाचा खोटेपणा शासनाला ठाऊक नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजदाद करण्यात आली, आणि सर्व प्रकारच्या शाळा मिळून सुमारे २० लाख नावांमागे विद्यार्थीच नसल्याचे उघड झाले. पण त्यापासून धडा घेतला गेला तो मोजण्यापुरताच. २०१७ मध्ये दहाहून कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करण्याचे ठरले, आणि मार्च २०२४ च्या निर्णयाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला एकच नियमित शिक्षक व त्याच्या जोडीला सेवानिवृत्त शिक्षक देण्याचे ठरले. पट का घटतो हे मात्र या वस्तीवर कोणीही सांगेल. ज्याला परवडते तो बाप, शिकवणे होत नाही हे पाहून, आपले मूल पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतो. त्याने पट आणखी खाली येतो, पट खाली आला की शिक्षक कमी होतो, आणि शिक्षक कमी झाला की पुढचा बाप गाडीचे भाडे विचारायला जातो. मागे उरतात ती ज्यांना गाडीचे भाडे झेपत नाही अशांची मुले, आणि त्यांतही मुली अधिक.

माझ्यासमोर वर्ग सांभाळणारी चौथीतली ती मुलगी पुढच्या वर्षी शेजारच्या गावी पाचवीत जाईल. चौथीपर्यंत तिला कोणी नापास केलेले नाही. पाचवीच्या अखेरीस मात्र २०२३-२४ पासून राज्यात वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. तीत व फेरपरीक्षेत जे मूल उत्तीर्ण होत नाही, त्याला त्याच वर्गात बसावे लागते. दुसरीचे पुस्तक तिला अजून सलग वाचता येत नाही, हे गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितले. अशी मुलगी पाचवीत अडकली, की तिला फडावर नेण्याचा विचार घरात सुरू होतो, आणि फडावर गेलेल्या मुलीचे लग्नही लवकर उरकले जाते, कारण मुकादम उचल देतो ती एकट्याला नव्हे, नवराबायकोच्या जोडीला.