रुग्णही डॉक्टरला तपासत असतो

पोट कसं तपासायचं हे शिकवताना सर्जरीचे शिक्षक विद्यार्थ्याला एक गोष्ट बजावून सांगतात: हात पोटावर, पण नजर चेहऱ्यावर. रुग्ण तोंडाने ‘नाही दुखत’ म्हणेल, पण बोटं नेमक्या जागी टेकली की त्याच्या कपाळावर आठी उमटते, श्वास क्षणभर अडकतो. हात गार नसावेत, दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करावी, खाट बुटकी असेल तर खाली बसून हात पोटाच्या पातळीत आणावा, अशा सूचना पिढ्यान्‌पिढ्या दिल्या जात आहेत. म्हणजे शब्दांपलीकडचा संवाद वैद्यकशिक्षणाला नवा नाही. पण तो एकाच बाजूने शिकवला जातो. रुग्णाकडे कसं पाहायचं हे विद्यार्थी शिकतो. त्याच वेळी रुग्णही आपल्याकडे पाहतो आहे, आपल्या भुवया, आपला आवाज आणि दाराकडे वळलेली आपली पावलं वाचतो आहे, हे त्याला क्वचितच कुणी सांगतं. ही दुसरी बाजू शिष्टाचारात जमा करणं चुकीचं आहे. ते क्लिनिकल कौशल्य आहे. ते नाडीपरीक्षेइतक्याच गांभीर्याने खाटेपाशी शिकवलं पाहिजे आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तपासलं पाहिजे.

अभ्यासक्रमात त्याला जागा मिळाली आहे, हे मान्य करायला हवं. २०१९ मध्ये एमबीबीएसला आलेल्या तुकडीपासून देशभर ‘एटकॉम’ हा वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा भाग सक्तीचा झाला. त्याच्या मूळ पुस्तिकेत चारही टप्प्यांना मिळून २७ घटक आहेत आणि संवादाची सुरुवात पहिल्याच वर्षी होते. हे पाऊल मोठं आहे. पण दीडशे-अडीचशे मुलांच्या व्याख्यानगृहात स्लाइड दाखवून देहबोली शिकवली, की हाती येतात त्या व्याख्या. अशा स्लाइडवर अनेकदा एक आकडा असतो: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि चेहरा. हा आकडा आला आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून. त्या प्रयोगांत सुटे शब्द, वेगवेगळे स्वर आणि चेहऱ्यांची छायाचित्रं होती, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो. साऱ्या संवादाला ते प्रमाण लागू होत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलं आहे. इन्सुलिन कधी घ्यायचं हे चेहऱ्यावरून कळत नाही. तिथे शब्दच लागतात. विषय महत्त्वाचा आहे म्हणून त्याला खोट्या आकड्याचा टेकू देऊ नये, कारण चांगला पुरावा उपलब्ध आहे.

नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. अमेरिकेतल्या सर्जननी रुग्णांशी केलेल्या बोलण्याच्या ध्वनिफितींतून त्यांनी दहा-दहा सेकंदांचे तुकडे काढले आणि शब्द कळणार नाहीत, फक्त स्वराची चढउतार उरेल, अशा रीतीने ते गाळून घेतले. ऐकणाऱ्यांना डॉक्टरांबद्दल काहीच माहिती नव्हती. तरी ज्यांच्या स्वरात त्यांना अधिक हुकमत जाणवली, त्या सर्जनवर पूर्वी निष्काळजीपणाचे दावे झालेले असण्याची शक्यता जास्त निघाली. स्वरामुळेच दावे झाले असं यातून सिद्ध होत नाही, पण इतक्या थोड्या आवाजातही रुग्णाला जाणवेल असं काही असतं, एवढं नक्की. दुसरा पुरावा हाँगकाँगचा, कोविडच्या बराच आधीचा, २०१३ चा. तिथल्या सरकारी दवाखान्यांत एक हजारावर रुग्णांच्या तपासणीत काही डॉक्टरांनी मास्क लावला, काहींनी नाही. कुणी लावायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. मास्क लावलेल्या डॉक्टरांची सहानुभूती रुग्णांना कमी जाणवली, आणि जुन्या, ओळखीच्या रुग्णांत हा फरक अधिक होता. मास्क काढा, असा याचा अर्थ नाही. चेहरा झाकला गेला की डोळे आणि आवाज यांच्यावर जास्त काम येतं, ते कसं पेलायचं हे शिकवावं लागतं.

पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. २०१७ च्या एका जागतिक आढाव्यात स्वीडनमधली प्राथमिक तपासणी वीस मिनिटांच्या वर, तर भारतातली साधारण दोन मिनिटांची दिसते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दाराबाहेर रांग असते, टेबलावर केसपेपरची चळत असते, रेसिडेंटने रात्र जागून काढलेली असते. त्याला ‘जरा हसा’ म्हणणं क्रूर ठरेल. पण कान्सस विद्यापीठाच्या रुग्णालयातला २०१२ चा अभ्यास नेमका इथेच उपयोगी पडतो. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या १२० रुग्णांना एकच सर्जन भेटला, काहींना उभ्याने, काहींना बसून. बसून झालेली भेट सरासरी १ मिनिट ४ सेकंदांची होती; रुग्णांना ती पाच मिनिटांहून अधिक वाटली. उभ्याने झालेली भेट प्रत्यक्षात लांब, १ मिनिट २८ सेकंदांची, पण रुग्णांच्या अंदाजात पावणेचार मिनिटांचीच. सर्जन एकच होता, देश वेगळा होता, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे आपल्या वॉर्डाला लावता येणार नाहीत. तरीही बसायला वेळ लागत नाही. लागतं ते स्टूल. दोन मिनिटंच हाती असतील तर त्यातली पहिली दहा सेकंदं केसपेपरवरून मान वर करून घालवावीत, हे गर्दीतच अधिक गरजेचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: हा सगळा अभिनय झाला, आणि शिकवलेली आपुलकी खोटी. आपल्या परंपरेने अभिनयाचा इतका हलका अर्थ कधी केला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार आहेत, आणि सात्त्विकासाठी मनाची एकाग्रता लागते. ओठांवर हसू चिकटवणं वेगळं आणि समोरच्याच्या दुखण्याकडे लक्ष लावल्यावर शरीर आपोआप वळणं वेगळं. शिकवायचं आहे ते दुसरं. ‘हे उपजतच असावं लागतं’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर बोस्टनहून मिळतं. हेलन रीस यांनी तिथे निवासी डॉक्टरांना एकेक तासाची तीन सत्रं दिली, त्यांत चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याचा सरावही होता. प्रशिक्षण मिळालेल्यांना रुग्णांनीच दिलेले गुण, न मिळालेल्यांच्या तुलनेत सुधारले.

मात्र परदेशी यादी इथे पाठ करून चालणार नाही. ‘नजरेला नजर द्या’ हा नियम डोक्यावर पदर घेऊन खाली पाहणाऱ्या बाईला जाच वाटू शकतो. तिच्या ऐवजी सासू उत्तर देत असेल, तर विद्यार्थ्याने कुणाकडे वळून बसायचं हे कोणत्याही अमेरिकन पुस्तकात नाही. गडचिरोलीचं उदाहरण तर प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात सांगावं असं आहे. आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते, असं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी विचारलं, तेव्हा पुढे आलेल्या कारणांत डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे होते. पांढरं कापड ते मृतदेहावर घालतात. बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं रुग्णालय आदिवासींच्या वस्तीसारखं, झोपड्यांच्या रचनेचं झालं ते असं ऐकून घेतल्यामुळे. जो पांढरा कोट विद्यार्थ्याला अभिमानाने चढवला जातो, तो समोरच्याला काय सांगतो, हे आधी विचारावं लागतं.

शिकवण्याची साधनं तयार आहेत. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये प्रशिक्षित माणसांना रुग्णाची भूमिका देऊन शिकवायला सुरुवात केली. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये टप्प्याटप्प्याची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. महाराष्ट्रात तर हौशी रंगभूमी गावोगाव आहे. रुग्णाची भूमिका करणारी माणसं मिळायला अडचण नाही. पण एक अडसर साधनांनी सुटणार नाही. फिलाडेल्फियाच्या जेफरसन महाविद्यालयातल्या २००९ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांची सहानुभूती तिसऱ्या वर्षी, म्हणजे वॉर्डात पाऊल टाकल्यावरच, घसरलेली दिसली. राउंडला युनिटप्रमुख खाटेच्या पायथ्याशी उभे राहून रुग्णाबद्दल त्याच्यासमोरच इंग्रजीत बोलत असतील, तर विद्यार्थी स्लाइड विसरेल आणि ते उभं राहणं उचलेल. म्हणून सुरुवात शिक्षकांपासून हवी. आरोग्य विद्यापीठाने प्रात्यक्षिकाच्या गुणपत्रिकेत यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा: विद्यार्थी बसला का, तपासण्याआधी हात लावू का असं विचारलं का, पडदा ओढला का, चेहऱ्याकडे पाहिलं का. आणि महाविद्यालयांनी प्रत्येक खाटेजवळ एक स्टूल ठेवावं, राउंडला येणाऱ्या सरांसाठीसुद्धा.