वॉशिंग मशीन की ‘वास’शिंग मशीन?

माळशेजचे धबधबे पाहिले, भिजलो, सेल्फी काढले, भजी झाली. आता घरी येऊन मशीनचं झाकण उघडा... अरे बाप रे! नाकावर हात! किन्हवली असो, शहापूर असो वा मुरबाड, आषाढ-श्रावणात घरोघरी हीच तक्रार. पावडर भरपूर टाकली, वरून सुगंधी कंडिशनर ओतला, तरी टॉवेलचा कुबट वास हटत नाही. चला तर, आज या वासाची पार वासलात लावूनच टाकू या!

माहीत आहे का? या वासामागचा मुख्य आरोपी केव्हाच पकडला गेलाय! २०१२ मध्ये जपानच्या ‘काओ’ कंपनीच्या संशोधकांनी कुबट कपड्यांची झडती घेतली आणि एका जिवाणूवर बोट ठेवलं. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस! नावात नॉर्वेची राजधानी, मुक्काम मात्र आपल्या टॉवेलात. कपड्यात राहिलेला घामाचा-तेलाचा अंश खाऊन तो एक आम्ल तयार करतो आणि आपल्या नाकाला झोंबतं ते हेच आम्ल. गडी चिवटही जबरदस्त. कोरडं पडलं तरी तग धरतो, अतिनील किरणांनाही सहजी दाद देत नाही. कपडा पुन्हा ओला झाला की याची पार्टी सुरू!

म्हणजे दोष आपल्या हवेचा? थोडासा. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहणारच. पण खरी गोम मशीनच्या पोटात आहे.

फ्रंट लोड मशीन आहे? मग दाराभोवतीच्या जाड रबराची, म्हणजे गॅस्केटची, घडी बोटाने बाहेर ओढून बघा. अगदी खालच्या बाजूला. चमचाभर साचलेलं पाणी, केसांचा गुंता, एखादं शर्टाचं बटण, साबणाचा बुळबुळीत थर आणि रबरावर काळे ठिपके. ते काळे ठिपके म्हणजे बुरशी! बुळबुळीत थरात जिवाणू एकमेकांना आणि रबराला चिकटून राहतात. या थराला म्हणतात बायोफिल्म. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने ही फिल्म उतरत नाही, फडक्याने घासूनच काढावी लागते. वॉश संपला की रबर कोरड्या फडक्याने पुसायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांनो, गालात हसू नका! तुमच्याकडे गॅस्केट नाही, पण टबच्या तळाशी गरगर फिरणारी चकती आहे ना? तिच्या खालची बाजू कधी पाहिलीय? सहसा मधला स्क्रू काढला की चकती सुटते आणि खाली सापडतो महिनोन् महिन्यांचा गाळ. प्लग काढूनच हात घाला, नाहीतर मेकॅनिकला सांगा. लावणीच्या दिवसांत तर चिखलाचे कपडे थेट मशीनमध्ये टाकूच नका. आधी बादलीत खळबळून घ्या, मग मशीन.

आता एक धक्का! जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ, हे साफ चूक. फेस प्रमाणाबाहेर झाला की कपडे एकमेकांवर नीट घासलेच जात नाहीत, आणि न निघालेला साबण टबला चिकटून जिवाणूंची मेजवानी होतो. कंडिशनरचंही तेच, त्याचा मेणचट थर साचत जातो. फेसबुकवर लाइक भरपूर असू द्या, टबमध्ये फेस मोजकाच बरा!

माहीत आहे का, कबड्डीची जर्सी कॉटनच्या बनियनपेक्षा जास्त का वास मारते? बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी व्यायाम करून घामाघूम झालेल्यांचे टी-शर्ट तपासले. २०१४ मध्ये निकाल आला: पॉलिएस्टरचा वास कॉटनपेक्षा उग्र, कारण वास निर्माण करणारे मायक्रोकोकस जिवाणू पॉलिएस्टरवर खुशाल वाढतात. तेव्हा मॅचनंतर जर्सी गोळा करून मशीनमध्ये कोंबू नका. आधी दोरीवर टाका, मग धुवा.

वासावरून निदानही करता येतं बरं का! कुबट वास असेल तर टब आणि रबर तपासा. सडक्या अंड्यासारखा असेल तर संशयित निचऱ्याचा पाइप. मोरीत तो फार खोल खुपसला असेल, तर गटाराची हवा थेट मशीनमध्ये शिरते. जळका वास? तिथे घरगुती उपाय नको. प्लग काढा आणि मेकॅनिकला फोन लावा.

आता खरी सफाई! टब रिकामा, पाणी जास्तीत जास्त गरम. हीटर असलेल्या मशीनमध्ये ‘टब क्लीन’ किंवा ६० अंशांच्या वरचा प्रोग्रॅम लावा. सोबत टब क्लीनिंग पावडर, किंवा ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल, साधारण १०० ग्रॅम. बोअरचं पाणी क्षारांचं असेल, तर लिंबूफूल तो पांढरा थरही विरघळवतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मात्र उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिकचा टब वाकेल. सोसवेल इतकं गरम पुरे.

आणि हे लाल अक्षरांत वाचा: ब्लीचमध्ये लिंबूफूल किंवा व्हिनेगर कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना घातक ठरतो. एका वेळी एकच औषध!

ही सफाई कधी करायची? माझं ठाम मत आहे, पावसाळ्यातच. आपल्या शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबई पिते. तानसा तर १८९२ पासून! पण उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. एप्रिल-मेमध्ये रिकामं मशीन धुवायला पाणी घालवणं जिवावर येतं, आणि यायलाच हवं. जुलैत पागोळ्यांखाली पिंप लावा आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बादलीने खुशाल भरा.

जरा ब्रेक घेऊ? २००२ मध्ये स्पेनमधल्या एका गृहस्थांना ‘इग नोबेल’ हे नोबेलची गंमत करणारं पारितोषिक मिळालं, कशासाठी माहीत आहे? कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालणाऱ्या वॉशिंग मशीनसाठी! अमेरिकेत कोलोरॅडोच्या ईटन गावी ली मॅक्सवेल यांनी हजारावर जुनी वॉशिंग मशीन जमवली. आणि आपले पंजाबी बंधू? काही जण मशीनमध्ये चक्क लस्सी घुसळतात!

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर तर वॉशिंग मशीनच नाही. अंतराळवीर तेच कपडे कित्येक दिवस वापरतात आणि मग कचऱ्यासोबत मालवाहू यानात भरून देतात. ते यान वातावरणात शिरताना जळून खाक! धुण्याची कटकटच संपली.

आणि कडक उन्हात वाळलेल्या चादरीचा तो छान वास? भास नाही, चक्क केमिस्ट्री! २०२० मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून तुलना केली. उन्हात वाळलेल्या टॉवेलांतच काही खास सुवासिक रेणू जास्त सापडले. त्यातला पेंटॅनल वेलदोड्यातही असतो! म्हणूनच श्रावणात ढग फाटून तासभर ऊन पडलं, की हातातलं काम सोडून कपडे अंगणात. ऊन पडलंच नाही तर पंख्याखाली, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून.

सगळ्यात स्वस्त उपाय शेवटी सांगतो. खर्च शून्य रुपये! वॉश झाला की कपडे लगेच बाहेर काढा आणि झाकण उघडं ठेवा. मध्येच लाइट गेली आणि तासन् तास आलीच नाही, तर ओले कपडे आत मुरवत बसू नका. पाणी सोडून द्या, हाताने पिळा, दोरीवर टाका. घरात लहान मूल असेल, तर दार फटीपुरतंच उघडं ठेवा आणि बाथरूमला कडी घाला. पोरं खेळता खेळता ड्रममध्ये शिरतात आणि ते जिवावर बेतू शकतं, एवढी काळजी घ्याच.