फडापासून गव्हाणीपर्यंत : ओढीच्या ट्रॅक्टरला टायर घेताना

गाळप हंगामाच्या तोंडावर परभणी जिल्ह्यातल्या टायरच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो, "सगळ्यात दणकट टायर कोणता?" कालव्यांच्या पाण्यामुळे पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड या पट्ट्यात ऊस वाढला आणि त्याबरोबर ट्रॅक्टरचं काम बदललं. पूर्वी नांगरट आणि पेरणी हे मुख्य काम होतं, बाजारची एखादी खेप वरकड. आता कित्येक ट्रॅक्टर हंगामातले पाच-सहा महिने फडातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ट्रॉल्याच ओढतात. टायर मात्र नांगरटीच्या हिशेबानेच घेतला जातो आणि तिथेच पैसे वाया जातात.

एक गोष्ट आधी पक्की करू. टायर ओढ निर्माण करत नाही. इंजिनाची ओढ जमिनीपर्यंत पोचवायची, वजन पेलायचं आणि चालताना तयार होणारी उष्णता सोसायची, एवढीच त्याची कामं. यातलं कोणतं काम आपल्याकडे जास्त आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला टायर निवडणं अवघड जात नाही.

गैरसमज १ : मागे एक नंबर मोठा टायर घातला की ओढ वाढते.

वस्तुस्थिती : १३.६-२८ या नंबरात १३.६ ही टायरची इंचातली रुंदी आणि २८ हा रिमचा व्यास. त्याजागी १४.९-२८ घातला तर टायर रुंद होतोच, पण त्याची उंचीही सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास वाढते. चाक मोठं झालं की त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर थोडा जास्त पळतो आणि तितक्याच प्रमाणात ओढ कमी होते. ब्रेकच्या बाबतीतही तेच होतं, मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागतो. भरल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागलेल्या ट्रॅक्टरला हा सौदा परवडणारा नाही.

मोठ्या टायरचा फायदा आहे, पण तो मऊ रानात. जमिनीला टेकणारा भाग वाढल्याने चाक कमी रुततं. त्यासाठी रिमही जुळावी लागते. १३.६ चा टायर साधारण १२ इंची रिमवर बसतो, १४.९ ला १३ इंची रिम योग्य. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा माथा फुगतो आणि मधलाच भाग झिजतो. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचं गणित गिअरमध्येच पक्कं केलेलं असतं. तिथे फक्त मागचा नंबर बदलला की ते गणित विस्कटतं.

गैरसमज २ : जितके पीआर, तितके थर. जास्त पीआर म्हणजे जास्त माल.

वस्तुस्थिती : पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. टायर सुती धाग्याचे असत तेव्हा हा आकडा खरोखर थरांचा होता. नायलॉन आलं, कमी थरांत तेवढीच ताकद मिळू लागली आणि आकडा फक्त ताकदीचं माप म्हणून उरला. जास्त पीआरचा टायर जास्त हवा सोसू शकतो आणि ती हवा भरली तरच जास्त वजन पेलतो. हवा तेवढीच ठेवली तर जास्तीच्या पैशात मिळतो फक्त कडकपणा.

इथे ट्रॉलीचा प्रकार बघावा लागतो. दोन चाकांच्या, एका आसाच्या ट्रॉलीचं बरंच वजन हुकावरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतं. चार चाकांची ट्रॉली आपलं वजन बहुतांशी आपणच पेलते. म्हणून एका आसाची ट्रॉली ओढणाऱ्याने ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या भारक्षमतेकडे जास्त लक्ष द्यावं, आणि चार चाकांच्या ट्रॉल्या ओढणाऱ्याने ट्रॉलीच्या टायरकडे.

टायर जाड घेतला म्हणून कायद्याने जास्त माल भरता येतो, असंही नाही. मर्यादा नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. शिवाय टायर वजन पेलेल, पण ब्रेक, आस आणि हूक पेलतीलच असं नाही.

गैरसमज ३ : खोल नक्षीचा टायर सगळीकडे चांगली पकड देतो.

वस्तुस्थिती : उंच, तिरक्या पट्ट्यांचा टायर बनला आहे मातीत रुतून पकड धरण्यासाठी. डांबरी रस्त्यावर रुतायला मातीच नसते. तिथे फक्त पट्ट्यांचे माथे टेकतात, रबर कमी लागतं, उंच पट्टे वजनाखाली वाकतात, घासतात, तापतात आणि एका बाजूने झिजतात. रस्त्यासाठी उलटं हवं : रुंद, सपाट, मध्यभागी एकमेकांत शिरलेले पट्टे, म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकेल. बऱ्याच कंपन्या वाहतुकीसाठी अशा नक्षीचे टायर वेगळे विकतात.

पण परभणीत मेख आहे ती काळ्या मातीची. पाणी दिलेल्या फडात, वाफसा यायच्या आत ट्रॅक्टर घातला की चिकट माती पट्ट्यांमध्ये बसते. पट्टे जवळजवळ असतील तर ती सुटत नाही आणि चाक गुळगुळीत गोळा होऊन जागेवर फिरतं. अंतर असलेली, मधून मोकळी नक्षी मात्र फिरता फिरता माती झटकून टाकते. तेव्हा निकष सोपा ठेवावा. वर्षभराच्या तासांपैकी निम्म्याहून जास्त रस्त्यावर जात असतील तर वाहतुकीची नक्षी घ्यावी. पण फड चिबड असेल आणि भरली ट्रॉली पाणंदीतूनच बाहेर काढायची असेल, तर झीज सोसून मोकळ्या नक्षीचाच टायर बरा. कापूस आणि तुरीच्या रानात जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पऱ्हाटीची आणि तुरीची तासलेली खुटं पट्ट्यांमधल्या पातळ जागी घुसतात. तिथलं रबर जाड असलेला टायर निवडावा.

टायरच्या बाजूवर वेगाचंही चिन्ह असतं. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०. टायरवर लिहिलेली भारक्षमता त्या वेगापुरतीच खरी. मोकळा महामार्ग दिसला म्हणून भरल्या ट्रॉल्यांसह त्यापुढे पळवलं, तर तो टायर त्या वजनासाठी उरतच नाही.

गैरसमज ४ : उन्हात हवा फुगते, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात तो घट्ट बसला आहे. हवा तापल्यावर दाब वाढतो, हे खरं. पण किती? सकाळी ३० अंशांना ८० पौंड भरलेला ट्रॉलीचा टायर आतून ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे नऊ पौंडांनी वाढतो. टायर बनवताना ही वाढ धरलेलीच असते.

टायरचा खरा घात करते ती कमी हवा. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सरळ होते. तार वारंवार वाकवली की ती हाताला चटका देते, तसंच रबराचं आणि आतल्या धाग्यांचं होतं. उष्णता आतून तयार होते, धागे आणि रबर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि एखाद्या खड्ड्यात टायर फुटतो. दोष मात्र उन्हाला जातो.

म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी आणि तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत शेतातल्या कामासाठी आणि वाहतुकीसाठी हवेचे वेगळे आकडे असतात. नांगरटीची हवा ठेवून ऊस ओढायला जाऊ नये, आणि हंगाम संपल्यावर वाहतुकीची हवा ठेवून रानातही उतरू नये. कडक टायर माती दाबतो आणि घसरतोही. नायट्रोजनवर वेगळा खर्च करायची गरज नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो पैसा चांगल्या प्रेशर गेजवर घालावा.

गैरसमज ५ : मागच्या टायरात पाणी भरलं की ट्रॅक्टर पुढून उचलत नाही.

वस्तुस्थिती : १३.६-२८ च्या टायरात तीन चतुर्थांश पाणी भरलं तर एका चाकात पावणेदोनशे-दोनशे लिटर बसतं. एवढं वजन मागे वाढलं की घसरण कमी होते, फडातून निघताना त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे पाणी टायरात गोठण्याइतकी थंडी पडत नाही, त्यामुळे थंड देशांसारखं त्यात क्षार मिसळायचं कारण नाही.

पुढचा भाग उचलला जातो तो मात्र वेगळ्या कारणाने. त्यावर इलाज म्हणजे पुढची लोखंडी वजनं आणि योग्य उंचीचा हूक. हूक जितका उंच, तितका उलटण्याचा धोका जास्त. मागचं पाणी इथे मदतीला येत नाही. रस्त्यावरच्या लांब खेपांत तर हेच पाणी फुकटचं ओझं होतं, डिझेल खातं आणि टायरची लवचीकता घटवतं. रानातलं वजन बरोबर आहे का, हे चाकाच्या ठशावरून कळतं. ठसा अगदी कोरीव उमटला तर वजन जास्त आहे, पार पुसून गेला तर कमी. कडा किंचित फिसकटलेला ठसा योग्य.

गैरसमज ६ : फोर व्हील ड्राइव्ह रस्त्यावरही लावून ठेवलं की ओढ हलकी होते.

वस्तुस्थिती : या ट्रॅक्टरांत पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशी रचना असते. मऊ रानात हा फरक घसरणीत जिरतो. कोरड्या डांबरावर तो जिरायला जागा नसते, मग पुढचे टायर घासत राहतात आणि गिअरवर ताण येतो. पुढचे टायर एका हंगामात संपत असतील तर टायरच्या कंपनीला नावं ठेवण्याआधी फोर व्हीलचा दांडा तपासावा. पाणंद ओलांडून पक्क्या रस्त्याला लागलं की फोर व्हील सोडावं.

गैरसमज ७ : एकच टायर गेला, तर एकच बदलावा.

वस्तुस्थिती : एका आसावर एक नवा आणि एक झिजलेला टायर असेल तर दोन्ही चाकांचा घेर वेगळा. सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअल सतत काम करत राहतं आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. मागची जोडी एकाच नंबरची, एकाच नक्षीची आणि शक्यतो एकाच कंपनीची असावी. रेडियल आणि साधा टायर एका आसावर कधीच मिसळू नये. नंबरात रिमच्या आकड्याआधी 'आर' असेल तर टायर रेडियल, आडवी रेघ असेल तर साधा.

गैरसमज ८ : रिमोल्ड टायर म्हणजे फसवणूकच.

वस्तुस्थिती : रबर चढवलेला टायर चांगला की वाईट, हे जुन्या सांगाड्यावर ठरतं. एस. टी. महामंडळ स्वतःच्या प्रकल्पांत टायरचं पुनःस्तरण करतं. विमानांच्या टायरांनाही पुन्हा रबर चढतं. पण तिथे सांगाडा तपासून घेतात. कमी हवेवर पळालेल्या, बाजूला फुगा आलेल्या किंवा धागे दिसणाऱ्या टायरवर कितीही चांगलं रबर चढवलं तरी तो भरवशाचा होत नाही. आपल्याच ट्रॅक्टरचा, आपल्याला इतिहास ठाऊक असलेला टायर रिमोल्ड करायला हरकत नाही. अनोळखी सांगाडा पुढच्या चाकाला तर अजिबात लावू नये, कारण पुढचा टायर फुटला की स्टिअरिंगच हातातून जातं.

दुकानात जाण्याआधी

ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला टायरचा नंबर आणि रिमवर कोरलेली रुंदी लिहून घ्या. खेपेला रस्ता किती आणि रान किती, याचा अंदाज काढा. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या चाळा, ट्रॉलीत सरासरी किती माल जातो ते कळेल. दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या टायरला नव्याचा भाव देऊ नका. ट्यूबही नवीनच घ्या, ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरात घडी पडून फुटते.

आणि दुकानदाराला "दणकट कोणता" हे विचारू नका. "एवढं वजन, एवढा रस्ता, अशी माती, ही रिम. यावर कोणता?" असं विचारा. उत्तर देताना त्याने तुमच्या रिमचा आकडा पुन्हा विचारला, तर समजा की दुकान बरोबर निवडलं आहे.