पथकाकडे पैसे उरले, आता काय करायचे?

मार्च जवळ आला की शाळा-कॉलेजांतल्या कॅडेट पथकांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येते: ‘पैसे उरलेत, खर्च करून टाका.’ मग कोणी ट्रॉफ्या सुचवतो, कोणी मोठा फलक, कोणी सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. अर्ध्या तासात ठराव होतो. हा पैसा आला कुठून, कोणी कशासाठी दिला आणि तो इथे खर्च करता येतो का, हे विचारायचे राहूनच जाते.

भोपाळमध्ये हा विषय नेहमी समोर असतो. राष्ट्रीय छात्र सेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगड संचालनालयाचे मुख्यालय याच शहरात आहे. प्रजासत्ताक दिनाला लाल परेड मैदानावर कॅडेटच्या तुकड्या संचलन करतात. शाळाशाळांत स्काउट-गाइडची पथके आहेत. अनेक ठिकाणी त्यांच्यामागे पालकांची किंवा माजी कॅडेटची समितीही उभी असते. इथल्या मराठी घरांतली मुले या पथकांत असतात आणि त्यांचे आईवडील या समित्यांवर. रक्कम बहुधा लहान असते, काही हजारांची. तरीही तिचा निर्णय नीट व्हायला हवा, कारण दुसऱ्याने विश्वासाने दिलेला पैसा कसा हाताळतात हे मुले इथेच पहिल्यांदा बघतात.

‘पथकाचा पैसा म्हणजे सगळा एकच’

सर्वांत मोठा गैरसमज हाच, आणि बाकीचे बहुतेक त्याच्यातूनच निघतात. पथकाच्या वहीत एकाच रकान्यात दिसणारी शिल्लक प्रत्यक्षात तीन-चार वेगवेगळ्या मालकांची असते.

पहिला वाटा सरकारी. एनसीसी 1948 च्या कायद्याने स्थापन झाली आणि तिचा खर्च केंद्र व राज्य सरकार मिळून उचलतात. शिबिरे, परेडनंतरचा अल्पोपाहार, प्रशिक्षण यांसाठी मंजूर झालेला पैसा त्याच कामासाठी असतो. सैन्याच्या नियमावलीतल्या परिच्छेद 801 मध्ये अशा पैशाची व्याख्या दिली आहे. ज्या कामासाठी पैसा दिला त्यावर तो खर्च झाला नाही तर उरलेली रक्कम सरकारला परत करावी लागते, असा संपूर्ण सरकारी पैशातून उभा राहिलेला निधी म्हणजे सार्वजनिक निधी. युनिटने सांभाळलेला बाकीचा निधी रेजिमेंटल फंडात मोडतो. कमांडिंग ऑफिसर त्याचा मालक नसतो, विश्वस्त असतो.

हा फरक किती खरा आहे, हे पुण्याजवळच्या खडकवासल्यातल्या एका प्रकरणाने दाखवून दिले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत कॅडेटचे कपडे धुणाऱ्या धोब्यांना रेजिमेंटल फंडातून पगार मिळत असे. आपण संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारी आहोत, असा त्यांचा दावा होता. 1990 च्या दशकाच्या अखेरीस हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. न्यायालयाने याच परिच्छेद 801 चा आधार घेतला आणि सांगितले की रेजिमेंटल फंड हा सार्वजनिक निधी नव्हे, म्हणून त्यातून पगार घेणारे सरकारी नागरी पदावर आहेत असे म्हणता येणार नाही. कपडे त्याच कॅडेटचे, आवार तेच, काम रोजचे. पण पैसा कोणत्या खिशातून आला यावर माणसांच्या नोकरीचे स्वरूप ठरले. त्या धोब्यांच्या बाजूने पाहिले तर हा निकाल कठोर वाटतो आणि मलाही तो तसाच वाटतो. कायदा मात्र स्वच्छ आहे: निधीचा उगम बघा, मग बोला.

दुसरा वाटा मुलांनी स्वतः गोळा केलेल्या पैशाचा, आणि त्यातही भेद आहे. सशस्त्र सेना ध्वजदिन 1949 पासून 7 डिसेंबरला पाळला जातो. कॅडेट डबे घेऊन फिरतात, लोकांच्या शर्टावर छोटा ध्वज लावतात. त्या डब्यातला एकही रुपया पथकाचा नसतो. तो माजी सैनिक, शहिदांची कुटुंबे आणि जायबंदी जवानांसाठी असतो आणि सैनिक कल्याणाच्या यंत्रणेकडे जमा करायचा असतो. ‘पुढच्या महिन्यात भरू, तोवर बँडसाठी वापरू’ असे कोणी सुचवले तर तिथेच नाही म्हणायला हवे.

स्काउटची ‘खरी कमाई’ मात्र वेगळी. महाराष्ट्रातल्या कितीतरी वाचकांना शाळेतले ते कार्ड आठवत असेल: शेजाऱ्याची सायकल पुसायची, अंगण झाडायचे, दुकानात मदत करायची आणि मिळेल त्या मोबदल्याची नोंद कार्डावर करून घ्यायची. ब्रिटनमध्ये स्काउटांनी 1949 मध्ये अशाच कामाचा आठवडा सुरू केला होता. या पैशातला वरच्या कार्यालयाला द्यायचा भाग दिला की उरलेला पथकाचा. तो मुलांच्या घामाचा असल्यामुळे त्यावर मुलांचा शब्द सर्वांत आधी चालला पाहिजे.

तिसरा वाटा देणगीदारांचा. एखाद्या आजोबांनी ‘बँडसाठी’ म्हणून दिलेले पैसे बँडचेच राहतात. ड्रम आधीच घेऊन झाले असतील तर आजोबांना फोन करून विचारावे आणि त्यांचे उत्तर लेखी घेऊन ठेवावे. काही विचारायचे कारण नाही, असे मानले की पुढच्या वर्षी देणगी मागायला तोंड उरत नाही.

म्हणून पहिले काम हिशेबाचे: शिल्लक रकमेपुढे मालकाचे नाव लिहायचे. हे झाले की बैठकीतला अर्धा वाद आपोआप मिटतो, कारण ज्या पैशावर भांडण चालू असते त्यातला बराचसा आपला नाहीच, हे कळते.

‘31 मार्चच्या आत उडवला नाही तर गेला’

सरकारी अनुदानाबाबत हे अर्धे खरे आहे. मंजुरी त्या आर्थिक वर्षापुरती असते आणि न वापरलेली रक्कम परत जाते. पण त्यावरून ‘म्हणून घाईने खर्च करा’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो साफ चुकीचा आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 62 वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची झुंबड उडवण्याला आर्थिक शिस्तीचा भंग म्हणतो. त्याच नियमावलीतला नियम 21 सांगतो की सामान्य शहाणा माणूस स्वतःचा पैसा जेवढ्या काळजीने खर्च करतो, तेवढीच काळजी सरकारी पैशाबाबत घ्यायला हवी. स्वतःच्या घरात कोणी 30 मार्चला नको असलेल्या वीस ट्रॉफ्या आणत नाही.

पैसे परत जाणे हा कमीपणा नाही. खरा प्रश्न वेगळा असतो: शिबिरासाठी मंजूर झालेला पैसा उरलाच का? शिबिराला मुले कमी आली का? आली नसतील तर का नाही आली? शिल्लक हे कधीकधी न झालेल्या कामाचे चिन्ह असते आणि त्याचा शोध मार्चमध्ये नव्हे, ऑक्टोबरमध्ये घ्यायला हवा.

पालक समितीच्या खासगी देणग्यांना ही 31 मार्चची टांगती तलवार नसतेच. आयकरात सूट घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातला किमान 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करायचा असतो. 15 टक्के बाजूला ठेवता येतो. त्याहून जास्त साठवायचे असेल तर हेतू लेखी कळवून पाच वर्षांपर्यंत साठवता येते. नव्या नौकेसाठी किंवा बँडच्या संपूर्ण संचासाठी दोन-तीन वर्षे पैसे जमवणे कायद्याला पूर्ण मान्य आहे. हेतू मात्र नावानिशी लिहिलेला हवा.

‘बँकेत ठेवले, व्याज तर आपलेच’

सरकारी अनुदानाच्या पैशावरचे व्याजही सरकारचेच. ते हिशेबात दाखवून परत करायचे असते. देणगीच्या पैशावरचे व्याज संस्थेचे, पण संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच.

‘शिल्लक मोठी, म्हणजे कारभार उत्तम’

मराठी माणसाला शिल्लक आवडते आणि त्यात वाईट काही नाही. पण मुलांच्या पथकाकडे वर्षानुवर्षे वाढणारी ठेव असेल आणि त्याच पथकातली एखादी मुलगी खर्च परवडत नाही म्हणून शिबिराला जायचे टाळत असेल, तर ती ठेव कौतुकाची नव्हे. ब्रिटनमध्ये कॅडेटच्या अनेक तुकड्या धर्मादाय संस्था म्हणून चालतात आणि तिथल्या नोंदणीकृत संस्थांना राखीव निधीचे धोरण वार्षिक अहवालात मांडावे लागते: किती ठेवतो आणि कशासाठी. आपल्या समित्यांनीही हे एका ओळीत लिहून ठेवावे. एका वर्षाचा ठरलेला खर्च भागेल एवढा राखीव, बाकीचा कामाला, असा काही साधा नियम पुरतो.

‘दिसेल अशा गोष्टीवर खर्च करावा’

इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा याच समजापायी वाया जातो. ट्रॉफी कपाटात दिसते, फलक गेटवर दिसतो, त्यावर नावे असतात. बुटातला फोड दिसत नाही.

परेड सुरू असताना मागच्या रांगेत उभे राहून पायांकडे बघा. एखादा बारक्या चणीचा मुलगा एक नंबर मोठा बूट घालून आलेला असतो, आतमध्ये दोन मोजे चढवलेले असतात, तरी ‘पीछे मुड’ला टाच आतल्या आत सरकते. तासाभराने तो एका पायावर भार टाकून उभा राहतो. 2022 पासून एनसीसीचा गणवेश भत्ता कॅडेटच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत आली. ती चांगली आहे; मुलाला आपल्या मापाचा गणवेश शिवून घेता येतो. पण ज्या घरात त्या आठवड्याचा किराणा बाकी असतो, तिथे हा पैसा बुटापर्यंत पोचेलच असे नाही. शिक्षकांना अशी मुले ठाऊक असतात.

शिबिराचेही तसेच. एनसीसीचे वार्षिक प्रशिक्षण शिबिर साधारण 10 दिवसांचे असते आणि राहणे-जेवणे सरकारी खर्चाने होते, त्यामुळे ‘मुलाला काहीच लागत नाही’ असे सहज म्हटले जाते. बरोबर आणायच्या वस्तूंची यादी मात्र घरी येते: अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी, ताट, मग, टॉर्च, पीटीचे बूट, कुलूप. एकेक वस्तू किरकोळ, एकत्र केल्या तर कामगाराच्या घराला जड. मग मूल घरी सांगतच नाही आणि शिक्षकांना म्हणते, ‘सर, त्या दिवसांत गावी लग्न आहे.’

पथकाचा स्वतःचा, कोणत्याही अटीत न बांधलेला पैसा उरला असेल तर माझ्या मते त्याच्यावर पहिला हक्क या मुलांचा. दहा मच्छरदाण्या, दहा टॉर्च, वेगवेगळ्या मापांचे काही जोडी बूट पथकाच्या मालकीचे घ्यावेत, डेड स्टॉक रजिस्टरवर चढवावेत आणि शिबिरापुरते द्यावेत. कोणाला दिले हे सगळ्यांसमोर वाचायचे नाही. वहीत असले की पुरे. त्यानंतर दुरुस्ती. साठ्याच्या खोलीत एका बाजूचे कातडे फाटलेला साईड ड्रम बहुतेक पथकांत सापडतो. नवे कातडे बसवायचा खर्च नव्या ड्रमच्या मानाने अगदी थोडा, पण दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही म्हणून ती राहते.

‘मुलांना पैशातले काय कळते?’

स्काउट चळवळीने याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले. बेडन-पॉवेल यांनी पथकाचा कारभार पथकनायकांच्या सभेवर सोपवला. मुलांनीच कार्यक्रम आणि शिबिरे ठरवावीत अशी ती रचना आहे. एनसीसीची घडण लष्करी आहे, तिथे आर्थिक निर्णय अधिकाऱ्याचा आणि जबाबदारीही त्याचीच. पण सीनियर कॅडेटना यादी करायला सांगण्यापासून कोणता नियम अडवतो? कुठल्या मुलाचे बूट तुटले, पाण्याचा पिंप कुठे गळतो, कोणत्या गावाहून येणारी मुले बस चुकते म्हणून परेड बुडवतात, हे त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त माहीत असते. निर्णय झाल्यावर पावत्यांसकट हिशेब त्यांना दाखवला तर एका तासात ते जे शिकतील ते नागरिकशास्त्राच्या धड्यात मिळणार नाही.

‘महाराष्ट्रात चालते तसेच इथे’

नागपूर-पुण्याहून बदलून आलेले पालक समितीत आले की धर्मादाय आयुक्तांचे नाव काढतात. मध्य प्रदेशात ती चौकट नाही. इथे संस्थांची नोंदणी 1973 च्या मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी कायद्याखाली होते आणि सार्वजनिक न्यासांसाठी 1951 चा वेगळा कायदा आहे, ज्यात जिल्ह्याचा कलेक्टर हाच निबंधक असतो. महाराष्ट्रातला जुना फॉर्म भरून इथला नियम पाळला जात नाही.

आणि ‘समिती बंद झाली तर शिल्लक सभासदांत वाटून घेऊ’ हा विचार कुठेच चालत नाही. संस्थांच्या 1860 च्या केंद्रीय कायद्यातच लिहिले आहे की विसर्जित होणाऱ्या संस्थेची मालमत्ता सभासदांना वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जावी लागते.

तुमच्या पथकाची बैठक जवळ आली असेल तर दोन कागद घेऊन जा. एकावर शिल्लक रक्कम आणि प्रत्येक रकमेचा मालक. दुसऱ्यावर मागच्या शिबिराला न आलेल्या मुलांची संख्या आणि न येण्याची खरी कारणे. नावे शिक्षकांकडेच राहू द्या. ट्रॉफ्यांचा विषय निघण्याआधी हे दोन्ही कागद टेबलावर ठेवा आणि चर्चा तिथूनच सुरू करायचा आग्रह धरा.